उतारावर गाडी तापत नाही

नागवेणी गेल्याचं मला कळलं तेव्हा मी घाटात बॉनेट उघडून उभा होतो.

कुमठ्याला टॅक्सीचं भाडं सोडून रिकामा परत येत होतो. अर्धा चढ झाला आणि काटा लाल रेघेला टेकला. मी गाडी कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि पाणी निवायची वाट बघत कठड्यावर बसलो. त्या पावसाळ्यापासून हे असंच चाललं होतं. सपाटीवर गाडी शहाण्यासारखी चालायची, घाट लागला की उकळायची.

तेवढ्यात वरून शिरसीची बस उतरत आली. ड्रायव्हर गंगाधर. मी असा अडकलेला दिसलो की तो हॉर्न मारून ओरडायचा, "तिम्मण्णा, चहा उकळला का? एक कप ठेव!" त्या दिवशी त्याने हॉर्न मारला नाही. बस थांबवली आणि खाली उतरला. भर घाटात, वळणावर, माणसं बसलेली सोडून बसचा ड्रायव्हर खाली उतरत नाही.

"गाडी इथंच सोड," तो म्हणाला. "मागून ट्रक येतोय वर जाणारा. त्यात बस."

"काय झालं?"

"स्टँडवर निरोप आलाय. वहिनी पडली अंगणात."

"कोणत्या दवाखान्यात नेलंय?"

गंगाधर माझ्याकडे न बघता चाकाखालच्या दगडाकडे बघत राहिला. "घरीच आहे," म्हणाला.

बॉनेट तसंच उघडं टाकून ट्रकमध्ये चढलो.

नागवेणी अंगणात सुपारी वाळत घालत होती. शेजारणीने हाक मारली, तिने मान वर केली आणि तिथंच सुपारीवर आडवी झाली. एवढंच. डॉक्टर म्हणाले, कुणी काही करू शकलं नसतं. सगळे मला तेच सांगत होते, म्हणून मीही तेच धरून चाललो.

तिची आई, देवक्का अम्मा, कुमठ्याजवळच्या गावात असते. त्या आठवड्यात अम्मा छातीत पाणी झालं म्हणून दवाखान्यात होत्या, नाकाला नळी लावलेली. परमेश्वर, माझा मेहुणा, आईला सुपारीच्या कामाला जातो सांगून बहिणीला पोचवायला वर आला. बाराव्या दिवशी जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ बसला.

"भावय्या, अम्माला एवढ्यात नको सांगायला. घरी तर येऊ दे."

अम्मा घरी आल्या. मग ठरलं, अंगात थोडी ताकद येऊ दे. ताकद आली तेव्हा त्यांनी विचारलं, नागी का येत नाही? नागवेणी महिन्यातून एकदा तरी खाली जायचीच. बस तिला लागायची. तिसऱ्या वळणाला ओकायची आणि पार कुमठ्यापर्यंत डोकं धरून बसायची. म्हणून जायची ती माझ्याच गाडीतून. जाताना काकवीचा डबा न्यायची, येताना सुकी मासळी आणायची. परमेश्वरने आईला सांगून टाकलं, "भावय्याची गाडी तापते आहे. नीट झाली की येईल."

मला त्याने हे फोनवर सांगितलं. म्हणाला, "खोटं कुठं बोललो? गाडी तापतेच आहे ना?"

"तापते," मी म्हणालो.

"मग झालं. नीट झाली की तुम्ही या आणि तुम्हीच सांगा. माझ्यानं होणार नाही. तुमचं ती ऐकते."

लेक मेल्याची बातमी सांगायला, ज्याचं ती ऐकते तोच माणूस कशाला लागतो, असं माझ्या मनात आलं. पण बोलायचा कंटाळा आला होता.

इनास लोपीसचं गॅरेज बनवासी रस्त्याला आहे. आम्ही एका वयाचे. त्याच्या बोलण्याला लगाम नाही आणि हाताला घाई नाही. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा तो कुणाच्या तरी जीपखाली होता. तिथूनच म्हणाला, "कोण, तिम्मण्णा का? आवाजावरून वाटलंच. फॅनचा पट्टा ओरडतोय तुझा."

त्याने पट्टा बदलला. पट्टा खरंच झिजला होता. मी घाटाच्या अर्ध्यापर्यंत जाऊन वळलो, तर परत येताना काटा वर.

त्या संध्याकाळी अम्मांचा फोन आला. परमेश्वर लावून देतो आणि लांब जाऊन उभा राहतो. अम्मांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या स्वतःही ओरडतात, आणि मला तिम्मण्णा न म्हणता पुऱ्या नावाने हाक मारतात.

"तिम्मप्पा! ताप उतरला का गाडीचा?"

"नाही अम्मा. पट्टा बदलला. अजून तापते."

"माणसाला आला असता ताप तर काढा दिला असता. हिला काय द्यायचं? देवीचं तीर्थ घालता ना वेळच्या वेळी?"

"घालतो."

"नागी घालते म्हण. तू कसला घालतोस! कुठाय ती?"

"सुपारी आवरते आहे," मी म्हणालो.

"आवरू दे. तिला सांग, काकवी संपली. परम्याची बायको बाजारची आणते, ती पाण्यासारखी."

मी फोन ठेवला. कोपऱ्यात काकवीचा डबा होता. तिने भरून, फडकं बांधून ठेवलेला.

इनासने मग रेडिएटरचं झाकण बदललं. झाकणाची स्प्रिंग गेली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं, हे मलाही ठाऊक होतं. पण नव्या झाकणानेही काही झालं नाही. गार पाणी अडवून धरणाऱ्या थर्मोस्टॅटचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे घाटातल्या गाड्यांचा तो काढूनच टाकतात, माझा इनासनेच काढला होता. मग त्याने वॉटर पंप उघडला. पंपाची पाती चांगली होती. त्याने पाती माझ्यासमोर बोटाने फिरवून दाखवली आणि म्हणाला, "हा तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त जगेल." मग पाती खाली ठेवली. म्हणाला, "बोलून गेलो रे."

"असू दे."

"चहा घेतोस?"

"नको."

"घे. नाही म्हणायची तुला सवयच लागली आहे हल्ली."

एकेक इलाज फुकट जात होता आणि मला आतून बरं वाटत होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. गाडी बिघडलेली होती तोवर नागवेणी घरात सुपारी आवरत होती. निदान कुमठ्याच्या लेखी तरी.

पण गाडी माझं पोट होती. घाट उतरून चढल्याशिवाय शिरसीच्या टॅक्सीला काम नाही. स्टँडवरचे बाकीचे लोक माझी भाडी घेत होते, आणि आधी विचारून घेत होते, त्याचंच जास्त लागत होतं.

एका सकाळी इनास म्हणाला, "आता एकच वाईट गोष्ट उरली. हेड गॅस्केट. ते गेलं असेल तर इंजिन खोलावं लागेल." त्याने गाडी चालू ठेवली, रेडिएटरचं झाकण काढलं आणि आम्ही दोघे आत वाकून बघत राहिलो. गॅस्केट फुटलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. चुलीवरच्या भाताकडे बघावं तसे आम्ही बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही.

इनासने कपाळ पुसलं. "तुझी गाडी म्हणजे नखरेवाली नवरी. दुखतंय म्हणते, पण कुठं ते सांगत नाही. मला नीट सांग, तापते कधी?"

"घाटात."

"चढताना की उतरताना?"

"चढताना. उतरताना इंजिनाला काय काम असतं?"

"म्हणजे उतरताना तापत नाही."

"नाही."

इनासने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "मग तू कुमठ्याला जात का नाहीस?"

मी जाऊन इंजिन बंद केलं.

"उतारावर गाडी तापत नाही, तिम्मण्णा. जाताना आरामात जाशील. येताना थांबत थांबत ये, मध्ये दोनदा पाणी घाल, कोण हाकलतंय तुला? म्हातारी रोज गाडीची तब्येत विचारते म्हणतोस. मला काय वाटतं, तू इथं गाडी दाखवायला येतच नाहीस."

"मग कशाला येतो?"

"तुझं तुला ठाऊक."

मला राग आला. उठून जावं असं वाटलं, पण गाडीचं झाकण त्याच्या हातात होतं. त्यानेही पुढे ताणलं नाही. म्हणाला, "चल, घाटात जाऊ. मला ती तापलेली बघायची आहे."

आम्ही घाट निम्मा उतरलो आणि वळलो. इनास शेजारच्या सीटवर बसला होता, नागवेणीच्या. ती खिडकीच्या वरची पट्टी धरून बसायची. तिथं तिच्या हाताने कापड काळं झालं आहे. इनासने पट्टी धरली नाही, मांडीवर हात ठेवून काट्याकडे बघत बसला. चढ संपत आला तेव्हा काटा लाल झाला.

"थांब. बंद कर."

त्याने बॉनेट उघडलं आणि पुढून जाळीतून हात घालून रेडिएटरच्या अंगावर तळवा ठेवला. आजाऱ्याच्या पाठीवर ठेवतात तसा. वर ठेवला आणि चटकन काढला. मग डावीकडे, मग खाली. खाली ठेवला तो काढलाच नाही.

"इकडे ये. हात ठेव."

मी ठेवला. रेडिएटर खालच्या अर्ध्यात गार होता. इंजिन एवढं तापलेलं आणि हा गार.

"आत पाणी फिरतच नाही. अर्ध्या नळ्या बुजल्या आहेत," इनास म्हणाला. "सपाटीला उरलेल्या नळ्या पुरतात. चढाला पुरत नाहीत. एवढंच आहे. मी गाढव, हात आधीच लावायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी त्याने रेडिएटर उतरवला, सांध्याचा डाख वितळवून वरची टाकी उघडली आणि मला हाक मारली.

"हे काय घालत होतास रे यात? आमटी?"

आत चिखल होता. पिवळा, मध्येमध्ये लाल. गंजाचा तपकिरी गाळ मी पुष्कळ पाहिला आहे, हा तो नव्हता. इनासने तो बोटावर घेतला, वास घेतला. मी न घेताच ओळखला.

घाटात देवीचं देऊळ आहे. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिथं थांबते. आम्ही ड्रायव्हर खिडकीतून हात जोडतो आणि निघतो. नागवेणी उतरायची. आत जाऊन देवीच्या अभिषेकाचं पाणी पितळेच्या तांब्यात घेऊन यायची. थोडं माझ्या हातावर, थोडं स्वतःच्या, आणि उरलेलं रेडिएटरमध्ये. येताना पुन्हा तेच. मी आधी झाकण उघडून द्यायचो, नंतर ती स्वतःच पदराने धरून उघडायला शिकली. त्या पाण्यात हळद असते, कुंकू असतं. लग्नानंतर मी पहिली गाडी घेतली तेव्हापासून तिचं हे चालू होतं आणि ही गाडी आल्यावरही तसंच.

"देवीचं तीर्थ," मी सांगितलं.

इनासने बोट पुसायला फडकं उचललं होतं, ते पुन्हा ठेवलं. "दर वेळी?"

"दर वेळी."

तो पुन्हा टाकीत वाकला. मग म्हणाला, "मी क्रिस्ताव माणूस. तुमच्या देवीचं तीर्थ मी गटारात कसं टाकू?" त्याने ऑइलचा एक रिकामा डबा धुऊन आणला, सगळा गाळ चमच्याने खरवडून त्यात भरला आणि माझ्या हातात दिला. "झाडाखाली घाल कुठल्या तरी."

नळ्यांतून त्याने पातळ सळ्या घालून एकेक नळी मोकळी केली. मग रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवा मारली, तर चार ठिकाणांहून बुडबुडे.

"बघ," तो म्हणाला. "भोकं आहेत. जुनी आहेत. हळदीने बुजली होती म्हणून पाणी राहत होतं, नाहीतर गाडीने केव्हाच रस्त्यात मान टाकली असती. आता डाख द्यायला हवा." डाख देताना तो वर न बघता म्हणाला, "आता यात साधं पाणी आणि मी देतो ते औषध. दुसरं काही नाही. देवीला बाहेरून नमस्कार कर."

"आता कोण घालणार आहे?" मी म्हणालो.

गाळ मी घरी नेला आणि फणसाच्या बुंध्याशी ओतला. डबा धुवायचं सुचलं नाही. तो अजून मागच्या दारी तसाच आहे, आतून पिवळा.

इनास स्वतः गाडी घेऊन घाट चढून-उतरून आला. काटा मध्यावरून हलला नाही. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मला सोडायला आल्यासारखा रस्त्यापर्यंत आला. "आता मला काही सांगू नकोस," म्हणाला. "जा."

मी काकवीचा डबा घेऊन निघालो. देवळापाशी गाडी आपोआप थांबली, म्हणजे मीच थांबवली असणार. पुजारी रामभट्ट तांब्या घेऊन पायरीवर आले. "अक्का कुठाय? बरेच दिवस नाही दिसली." मी त्यांना सांगितलं. उभ्या उभ्या, तीन शब्दांत. नागवेणी गेली भट्टरे. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. वाटलं, खालीही असंच सांगायचं. गाडीतून उतरायचं, पाय धुवायचे आणि सांगायचं. वाटेत प्रत्येक वळणाला मी ते मनात म्हणून बघितलं.

अंगणात गाडी शिरली तेव्हा अम्मा पडवीत बसलेल्या होत्या. नवं लुगडं, केसात अबोलीचा गजरा, शेजारी बांधलेलं गाठोडं. परमेश्वर खांबाला टेकून उभा.

"इनासने फोन केला होता," तो हळूच म्हणाला. "गाडी झाली म्हणून. मीच त्याला नंबर दिला होता. मी 'झाली?' असं ओरडलो, ते अम्माने ऐकलं." आणि अम्मांकडे बघत मोठ्याने म्हणाला, "भावय्या, अम्मा वर यायचं म्हणते."

अम्मा काठी टेकत उठल्या. गाडीपाशी येऊन बॉनेटवर हात ठेवला. "गार आहे," म्हणाल्या. मग दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून आत बघितलं.

"नाही आली?"

"नाही."

"माहीत होतं मला. सुपारीचे दिवस. सुपारी टाकून येईल ती? म्हणून म्हटलं, आपणच जावं. ती येत नाही तर मी जाते. आईने लेकीकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही. काय रे परम्या?"

परमेश्वर म्हणाला, "शहाळी काढून आणतो," आणि माडाकडे गेला. तो परत येईपर्यंत मी पाय धुतले. अम्मा दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. गाठोडं मांडीवर. काकवीचा डबा त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "राहू दे गाडीतच, तिकडेच खाऊ. जेव आधी." आत त्यांच्या सुनेने भात आणि बांगड्याची आमटी वाढली. वाढून ती लगेच चुलीकडे वळली. मी चार घास खाल्ले. परमेश्वरने शहाळी डिकीत ठेवली आणि माझ्या खिडकीपाशी वाकला.

"घरीच नेऊन सांगा. फोटोसमोर. तेच बरं."

"तू चल."

"माझ्यानं होत नाही, भावय्या," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

घाट सुरू झाला. अम्मांनी खिडकीवरची पट्टी धरली. नेमकं तिथंच, काळ्या कापडावर.

"बस लागते तिला," त्या म्हणाल्या. "माझ्यावर गेली नाही ती. मला काही होत नाही. तिचा बाप असाच होता. बैलगाडीतसुद्धा ओकायचा." त्या हसल्या. "मासळी घेतली आहे. तिला आवडते तशी, खारवून. तू काय बघतोस सारखा तिथं?"

"काटा बघतोय."

"तापतेय?"

"नाही."

मी काट्याकडे बघत होतो. गाडी तापली असती तर थांबलो असतो. दगड लावून कठड्यावर बसलो असतो, अम्मांना उतरवून शेजारी बसवलं असतं आणि पाणी निवेपर्यंत सांगून टाकलं असतं. ज्या वळणावर मी तेव्हा अडकलो होतो ते वळण आलं. चाकाला लावलेला दगड अजून तिथंच कडेला होता. काटा मध्यावर होता. वरून गंगाधरची बस आली. त्याने मला बघितलं, शेजारी कोण आहे ते बघितलं आणि हॉर्न न मारता निघून गेला.

"चांगली केली गाडी त्या क्रिस्तावाने," अम्मा म्हणाल्या. "त्याला पण मासळी द्यायला हवी."

देवळापाशी मी थांबलो. अम्मांना हात धरून उतरवलं. रामभट्ट पायरीवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी अजून नाही अशी मान हलवली. ते बाजूला झाले आणि अम्मांना वाट दिली. मी बाहेर गाडीला टेकून उभा राहिलो. आत घंटा वाजली.

थोड्या वेळाने अम्मा तांब्या घेऊन बाहेर आल्या, दोन्ही हातांत जपून धरलेला. पायरी उतरताना थोडं सांडलं, पिवळं.

"उघड ते," म्हणाल्या. "नाही घातलं तर नागी मला ओरडेल."

मी झाकण उघडलं नाही. तांब्या त्यांच्या हातातून घेतला, आणि तो घेऊन उभाच राहिलो. शिरसीपर्यंतचा रस्ता बाकी होता, आणि अम्मांना सांगायचं राहिलं होतं.